स्पर्धेच्या रोबोटवर फिरता टरेट: बसवावा, की संपूर्ण रोबोटच लक्ष्याकडे वळवावा?

गंगापूररोड (धागाकर्ता)

नमस्कार. नाशिकमधील एका शालेय रोबोटिक्स संघाला मी मार्गदर्शन करतो. दोन हंगामांमधल्या मोकळ्या महिन्यांत मुलांना एक सरावाचा रोबोट बांधायचा आहे आणि त्यावर फिरता टरेट, म्हणजे रोबोटचे तोंड कोणत्याही दिशेला असले तरी स्वतंत्रपणे लक्ष्याकडे वळणारी चेंडूफेक यंत्रणा, बसवावी असा त्यांचा आग्रह आहे. हा आग्रह मान्य करावा का, आणि करायचा तर कोणत्या अटींवर, यावर येथील जाणकारांशी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

उदाहरणासाठी फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोटिक्स स्पर्धेचा २०२५-२६ चा ‘डिकोड’ हा खेळ घेऊ. मैदान सुमारे ३.६६ मीटर चौरस असते. रोबोटला एका वेळी जास्तीत जास्त ३ चेंडू जवळ बाळगता येतात, ते मैदानाच्या कोपऱ्यातील आपल्या गोलमध्ये फेकायचे असतात, आणि फेक आखून दिलेल्या त्रिकोणी क्षेत्रांतूनच करावी लागते. पहिली ३० सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, नंतरची २ मिनिटे तो चालकाच्या हातात असतो. सुरुवातीला रोबोट १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे आणि त्यावर ८ हून अधिक मोटरी चालत नाहीत.

ही ८ मोटरींची मर्यादा आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रोबोटला आडवेही सरकू देणाऱ्या मेकॅनम चाकांना ४, चेंडू आत ओढणाऱ्या रोलरना १ आणि वेगाने फिरून चेंडू फेकणाऱ्या चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, २ मोटरी दिल्या की एकच उरते. ती टरेटला दिली, तर पुढे दुसऱ्या कोणत्याही यंत्रणेसाठी केवळ सर्वोंवर, म्हणजे आज्ञेप्रमाणे वळणाऱ्या छोट्या यंत्रांवर, भागवावे लागते. काही संघ टरेटच सर्वोवर फिरवतात आणि शेवटची मोटर राखून ठेवतात, हेही मला ठाऊक आहे.

आता लाभाकडे पाहू. टरेट नसलेला रोबोट चेंडू गोळा करतो, फेकीच्या क्षेत्रात येतो, गोलकडे वळतो, स्थिर होतो आणि मग फेकतो. टरेट असेल, तर वळणे आणि स्थिर होणे ही दोन्ही कामे वाटेतच उरकतात. समजा अशा प्रत्येक फेरीत एक सेकंद वाचला आणि सामन्यात दहा फेऱ्या झाल्या, तर जवळजवळ एक संपूर्ण फेरी पदरात पडते. तरीही माझ्या मते मोठा लाभ हा वाचलेला सेकंद नसून चालकाचे मोकळे झालेले लक्ष हा आहे. आपण कोणत्या कोनातून क्षेत्रात शिरत आहोत याची चिंता त्याला उरत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याने धक्का देऊन रोबोट तिरका केला तरी नेम बिघडत नाही. मात्र चालकाच्या डोक्यावरून उतरलेले ओझे नाहीसे होत नाही. ते तारांवर, गिअरच्या दातांमधल्या प्लेवर (मोकळिकीवर) आणि प्रोग्रॅमवर जाऊन बसते. या तिन्ही गोष्टी सांभाळण्याची संघाची तयारी नसेल, तर टरेट न बसवलेलाच बरा, असे माझे सध्याचे मत आहे. ते तपासून घ्यावे, ही विनंती.

सातपूरकर

आपण प्लेचा उल्लेख केलात, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. गिअर कापणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे आणि अशा प्रकल्पांत नेमके कोठे बिनसते, हे मी जवळून पाहिले आहे.

टरेटच्या गिअरमध्ये केवळ १ अंशाचा प्ले असेल, तर ४ मीटर अंतरावर चेंडू सुमारे ७० मिलिमीटर बाजूला जाऊ शकतो. मुले मोटर, कॅमेरा आणि प्रोग्रॅम यांवर महिने घालवतात, आणि ३ मिलिमीटरच्या पत्र्यातून लेझरने कापलेले दात एकमेकांवर आपटत राहतात. लेझरने कापलेल्या दातांची कड थोडी निमुळती निघते आणि पत्र्याची जाडी कमी असल्यामुळे दोन गिअरपैकी एक जरी किंचित वर-खाली झाला तरी पकड सुटते. शक्य असेल तर हॉबिंग केलेला, म्हणजे यंत्रावर दात कापलेला, डेलरिनचा (टणक प्लास्टिकचा) किंवा ॲल्युमिनियमचा गिअर घ्यावा. ते परवडत नसेल, तर टायमिंग बेल्ट वापरावा. बेल्टला ताण नीट दिलेला असेल, तर त्यात प्ले जवळजवळ राहत नाही, आणि टरेटच्या मोठ्या कड्याला त्रिमितीय छपाईने केलेले दातही बेल्टच्या कामासाठी पुरेसे ठरतात. मोटर पक्की न बसवता लांबट भोकांवर बसवावी, म्हणजे ताण किंवा दातांची पकड नंतर बदलता येते. लांबट भोकांसाठी दहा मिनिटांचे जास्तीचे काम लागते, पण स्पर्धेच्या दिवशी त्याचे मोल कळते.

बेअरिंगविषयी एवढेच सांगेन की जेवणाच्या टेबलावरील फिरत्या थाळीखाली जे पत्र्याचे बेअरिंग असते, ते स्वस्त मिळते म्हणून बहुतेकांचा हात आधी त्याच्याकडे जातो. ते उभा भार चांगला पेलते, परंतु फ्लायव्हील वेगाने फिरू लागले आणि टरेट झटक्याने थांबला की ते एका बाजूने उचलले जाते. वरची पट्टी बोटाने दाबून पाहिली, तर त्याचे डुलणे हाताला लागते. त्याऐवजी मोठे पातळ रिंग बेअरिंग घ्यावे, किंवा व्ही आकाराची खाच असलेली लहान चाके कड्याभोवती समान अंतरावर लावावीत. त्यांतले एक चाक उत्केंद्री (मध्य किंचित बाजूला असलेल्या) बुशावर बसवले की मोकळीक काढून टाकता येते. सातपूर आणि अंबड या दोन्ही औद्योगिक वसाहतींत असे कडे वळून देणारे टर्नर आहेत. मुलांनी सुवाच्य ड्रॉइंग आणि त्यावर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहून नेले, तर लहान जॉबही आनंदाने करून देणारी माणसे येथे भेटतात.

देवळालीकर

तोफखान्यात सेवा केलेल्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी आपल्या देवळालीत एकाच समारंभात के-९ वज्र आणि एम-७७७ या दोन तोफा सैन्यात दाखल झाल्या. दोन्ही १५५ मिलिमीटरच्या आहेत, पण वज्राची तोफ पट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनाच्या टरेटमध्ये असून ती सर्व दिशांना वळते. एम-७७७ ओढून न्यावी लागते. तिची नळी मर्यादित कोनातच डावी-उजवीकडे सरकते आणि लक्ष्य त्यापलीकडे असेल, तर पाय उचलून संपूर्ण तोफ वळवावी लागते.

असे असूनही सैन्याने दोन्ही घेतल्या, कारण वज्राचे वजन सुमारे ४७ टन आहे आणि एम-७७७ चे सव्वाचार टनांच्या आसपास. दुसरी तोफ हेलिकॉप्टरला लटकवून डोंगरावर पोहोचवता येते. सर्व दिशांना वळण्याची किंमत वजनात मोजावी लागते. आपल्या मुलांनी आधी हे ठरवावे की त्यांच्या खेळात जागा बदलणे अधिक वेळा घडते की दिशा बदलणे, आणि त्यानंतरच टरेटचा विचार करावा.

रोबोकॉन_माजी

देवळालीकर यांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे आणि रोबोकॉनच्या अनुभवावरून त्यात थोडी भर घालू इच्छितो. एबीयू रोबोकॉन या महाविद्यालयीन संघांच्या स्पर्धेत २०१७ साली टोकियोत तबकड्या फेकायच्या होत्या, २०२२ साली नवी दिल्लीत लगोरी होती आणि २०२३ साली नॉम पेन्ह येथे ११ खांबांवर कडी अडकवायची होती. लगोरीत प्रतिस्पर्धी रोबोटवरच्या चेंडूवर नेम धरण्याचा भाग सोडला, तर या तिन्ही खेळांत लक्ष्ये स्थिर आणि त्यांच्या जागा आधीपासून माहीत होत्या. रोबोट एका जागी थांबून, शांतपणे वळून फेकू शकत असेल, तर आडव्याही सरकणाऱ्या ओम्नी चाकांच्या चौकटीलाच, म्हणजे रोबोटच्या खालच्या सांगाड्यालाच, टरेट मानणे शहाणपणाचे ठरते. वजन वाचते, तारा वाचतात, आणि बिघडू शकणारा एक सांधा कमी होतो.

याच्या अगदी उलट टोकाला डीजेआयची रोबोमास्टर स्पर्धा आहे. तेथे रोबोट एकमेकांवर १७ आणि ४२ मिलिमीटरच्या गोळ्या झाडतात आणि चौकटीभोवतीच्या चिलखती पट्ट्यांवर गोळी लागली की रोबोटचे गुण जातात. म्हणून संघ चौकट सतत गरगर फिरवत ठेवतात, जेणेकरून पट्टीवर नेम धरणे अवघड व्हावे, आणि वरचा गिंबल, म्हणजे तेथला टरेट, मात्र शत्रूवर रोखलेला राहतो. तेथे टरेटवाचून खेळताच येत नाही. ‘डिकोड’ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी येतो. फेक ठरावीक क्षेत्रांतूनच करता येत असल्यामुळे चालता-चालता फेकण्याचा लाभ काहीसा घटतो. तथापि गोलच्या भिंतीकडील त्रिकोण एवढा मोठा आहे की त्यात शिरताना रोबोटची दिशा दर वेळी निराळी असते. माझा कौल टरेटच्या बाजूने आहे, पण तो अगदी थोड्या फरकाने.

इंदिरानगर_पालक

मुलगी याच वयोगटातील दुसऱ्या संघात आहे. फेक अचूक व्हावी यासाठी फक्त डावीकडे-उजवीकडे वीस-तीस अंश सरकणारा टरेट केला तर चालणार नाही का? तारांचा प्रश्नच उरणार नाही.

गंगापूररोड (धागाकर्ता)

ताई, तारांचा प्रश्न सुटेल हे खरे, पण मग चालकाला रोबोट अंदाजे तरी गोलकडे वळवावाच लागेल. ज्या सांध्यासाठी आपण एक मोटर आणि दीड-दोन किलो वजन खर्च करत आहोत, त्याने चालकाचे निम्मेच काम कमी करावे हे मला पटत नाही. तेवढ्या बारीक दुरुस्तीसाठी मेकॅनमची चौकट स्वतः पुरेशी आहे.

कोड_नाशिकरोड

मी एका संघाचे प्रोग्रॅमिंग पाहते. प्रोग्रॅमच्या बाजूने तीन-चार गोष्टी येथे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण टरेट यांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही सामन्यात निरुपयोगी ठरतो तो बहुधा यांच्यामुळे.

मूळ सूत्र सोपे आहे: मैदानावरील लक्ष्याच्या दिशेतून रोबोटची दिशा वजा केली की टरेटचा कोन मिळतो. रोबोट वळतो त्या वेगाने टरेटला उलट दिशेने वळावे लागते. येथे बहुतेक विद्यार्थी केवळ पीआयडी लावतात, म्हणजे चूक घडल्यावर ती दुरुस्त करत बसतात, आणि त्यामुळे टरेट नेहमी चौकटीच्या मागे राहतो. जायरोस्कोपकडून मिळणारा चौकटीचा कोनीय वेग उलट चिन्हाने थेट टरेटच्या वेग-आज्ञेत मिसळावा. मग पीआयडीला फक्त उरलेली बारीक चूक पुसायची असते. ही एक ओळ लिहिल्यावर टरेटच्या वागण्यात जो फरक पडतो, तो इतर कोणत्याही सुधारणेने पडत नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. गोलवर एप्रिलटॅग, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणारी छापील चौकोनी खूण, असतो, त्यामुळे कॅमेरा टरेटवर बसवला की लक्ष्य सतत चित्राच्या मध्याजवळ राहते, ही मोठी सोय आहे. परंतु चित्र घेतल्यापासून त्यातील कोन हाती येईपर्यंत ५० मिलिसेकंद गेले आणि तेवढ्यात चौकट सेकंदाला १८० अंश या वेगाने वळत असली, तर आपण ९ अंश जुन्या माहितीवर नेम धरत असतो. ४ मीटरवर ही चूक ६० सेंटिमीटरहून मोठी होते. यावर उपाय असा की टरेटचे आणि चौकटीचे मागील काही क्षणांचे कोन वेळेसह साठवून ठेवावेत, आणि चित्रातील माप हे ते चित्र घेतले त्या क्षणीच्या कोनांशी जोडावे, आत्ताच्या कोनांशी नव्हे. नेहमीचा नेम चाकांच्या ओडोमेट्रीवर, म्हणजे चाके किती फिरली यावरून काढलेल्या जागेवर, चालू ठेवावा आणि कॅमेऱ्याने केवळ ओडोमेट्रीचे साचलेले घसरणे दुरुस्त करावे, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते.

तिसरी गोष्ट चालता-चालता फेकण्याची. रोबोट गोलला आडवा, २ मीटर प्रतिसेकंद वेगाने जात असेल आणि चेंडू हवेत ०.६ सेकंद राहत असेल, तर चेंडू गोलपर्यंत पोहोचताना १.२ मीटर बाजूला वाहून जातो. ४ मीटरवर ही सुमारे १७ अंशांची आगाऊ दुरुस्ती झाली. म्हणून खऱ्या गोलवर नेम न धरता, रोबोटचा वेग गुणिले उड्डाणाचा काळ एवढे उलट दिशेने सरकवलेल्या काल्पनिक गोलवर नेम धरावा. त्याने अंतर बदलते, अंतराबरोबर उड्डाणाचा काळही बदलतो, म्हणून हे गणित दोन-तीनदा फिरवून घ्यावे. टरेट रोबोटच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर दूर असेल आणि चौकट सेकंदाला १८० अंश वळत असेल, तर त्यामुळेही चेंडूला सुमारे ०.४७ मीटर प्रतिसेकंद आडवा वेग मिळतो. हा वेग बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत.

रोबोकॉन_माजी

हे सर्व वाचल्यावर मुलांना धडकी भरेल, असे वाटते. थांबून फेकण्यापासून आरंभ करावा आणि एकेक भर घालत जावे. चौकटीचा वेग आधीच टरेटच्या आज्ञेत मिसळणारी (फीडफॉरवर्डची) ती एक ओळ मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

बारावी_विज्ञान

सर, टरेट कितीही फेरे घेऊ शकेल अशी रचना करण्यासाठी स्लिप रिंग, म्हणजे सतत फिरत्या भागालाही वीज आणि संकेत पोहोचवणारी जोडणी, वापरावी, असे आमच्या संघातील काही जणांचे म्हणणे आहे. रोबोमास्टरमध्ये चौकट सतत फिरते, म्हणजे तेथे ती वापरत असावेत, असे वरच्या चर्चेवरून वाटले. आपण काय सुचवाल?

सातपूरकर

बाळा, स्लिप रिंगचा मोह मी समजू शकतो, पण दोन गोष्टी आधी तपासाव्यात. बाजारात सहज मिळणाऱ्या लहान स्लिप रिंगच्या प्रत्येक तारेची क्षमता साधारण २ अँपिअर असते. फ्लायव्हीलची १२ व्होल्टची मोटर जाम झाली, तर ९ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह ओढते. म्हणजे एकेका मोटरसाठी बऱ्याच तारा समांतर जोडाव्या लागतील. त्यातच एन्कोडरचे (मोटर किती फिरली हे मोजणाऱ्या संवेदकाचे) आणि कॅमेऱ्याचे संकेत त्याच रिंगमधून गेले, तर त्यांत खरखर मिसळते. ती वापरण्याआधी नियमपुस्तिकेत अशा जोडणीविषयी काय म्हटले आहे, हेही पाहावे.

तुमचा चेंडू १२.७ सेंटिमीटर व्यासाचा आहे, हे तर त्याहून महत्त्वाचे. टरेट कोणत्याही कोनात असताना चेंडू त्यात नीट शिरावा असे वाटत असेल, तर तो टरेटच्या अक्षातूनच वर आला पाहिजे, अन्यथा दर वेळी टरेटला चेंडू घेण्यासाठी एका ठरावीक कोनात परत यावे लागेल आणि वाचवलेला सगळा वेळ तेथेच जाईल. मध्यातून चेंडू जाणार म्हटल्यावर मधले भोक किमान १५ सेंटिमीटरचे हवे, आणि लहान स्लिप रिंग तर नेमकी त्याच जागी बसते. म्हणून दोन्हींपैकी एकच निवडता येते. मी चेंडूची वाट निवडेन.

फ्लायव्हीलच्या मोटरी टरेटवर न ठेवता खाली चौकटीवर ठेवून बेल्टने गती वर नेण्याचाही मार्ग आहे. वजन अक्षाजवळ आणि खाली राहते, तारा कमी होतात. परंतु टरेट फिरला की फ्लायव्हीलचा वेग किंचित कमी-जास्त होतो, आणि मध्यातून जाणाऱ्या चेंडूला वळसा घालून ती गती न्यावी लागते. पहिल्या टरेटसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

कोड_नाशिकरोड

स्लिप रिंग टाळायची, तर फिरण्याची मर्यादा विचारपूर्वक ठरवावी. नेमकी ३६० अंशांची मर्यादा सर्वांत वाईट, कारण लक्ष्य त्या सीमारेषेवर आले की टरेट एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला धावत राहतो. दोन्ही बाजूंना २०० अंश, म्हणजे एकूण ४०० अंश ठेवले, तर ४० अंशांचा दुहेरी पट्टा मिळतो. जेथे आहे तेथेच टिकून राहावे आणि टोक अगदी जवळ आल्यावरच पूर्ण फेरा मारावा, असा नियम प्रोग्रॅममध्ये घालता येतो. फेरा चालू असताना फेक रोखून धरावी. चेंडू उचलून परतताना रोबोटची पाठ बहुतेक वेळा गोलकडे असते, म्हणून ही सीमारेषा रोबोटच्या पुढच्या बाजूला ठेवावी, मागच्या बाजूला कदापि नाही.

ओझर_डिझाइन

मोटरचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही, म्हणून मांडतो. टरेट १८० अंश ०.६ सेकंदांत वळावा अशी अपेक्षा धरू. ०.२ सेकंद वेग घेणे, ०.२ सेकंद समान वेग आणि ०.२ सेकंद थांबणे असे धरले, तर कमाल वेग ७५ आरपीएम येतो. याच वेगमर्यादेत पूर्ण ३६० अंशांचा फेरा १ सेकंदात होतो. टरेटचे वजन ३ किलो आणि ते सरासरी १२ सेंटिमीटर त्रिज्येवर पसरलेले मानले, तर जडत्व आघूर्ण ०.०४३ किलोग्रॅम-मीटर वर्ग आणि आवश्यक टॉर्क सुमारे १.७ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्ससह ४३५ आरपीएमची मोटर घेऊन टरेटचे कडे तिच्या चौपट दातांचे ठेवले, तर भाराविना सुमारे १०९ आरपीएम मिळतात आणि मोटरच्या बाजूला ०.४३ न्यूटन-मीटर पुरतात. घर्षण आणि तारांचा ओढा यांसाठी एवढी शिल्लक आवश्यकच आहे. यापेक्षा अधिक वेगाचा हव्यास धरू नये, कारण थांबताना बसणारा झटका संपूर्ण रोबोट हलवतो.

शून्य कोनाबद्दल: मोटरचा एन्कोडर रोबोट पुन्हा चालू झाल्यावर टरेट कोठे आहे हे सांगू शकत नाही. यावर एक सुरेख उपाय असा की टरेटच्या १०० दातांच्या कड्याला १९ आणि २१ दातांचे दोन छोटे गिअर लावावेत आणि दोन्हींवर निरपेक्ष, म्हणजे चालू होताच स्वतःचा कोन सांगणारे, एन्कोडर बसवावेत. १९ आणि २१ यांना सामाईक विभाजक नसल्यामुळे दोन्ही वाचनांची जोडी ३९९ दात सरकेपर्यंत, म्हणजे टरेटचे जवळजवळ ४ फेरे होईपर्यंत पुन्हा येत नाही. त्यामुळे टरेट सरळ आहे की एक फेरा घेऊन तेथे आला आहे, हेही कळते. हा चिनी शेषप्रमेयाचा उपयोग आहे आणि गणिताच्या शिक्षकांनी तो वर्गात जरूर दाखवावा.

गंगापूररोड (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलांशी बोलून पुढील निर्णय घेतला आहे. टरेट बांधायचा, पण रोबोटवर नाही. आधी तो लाकडी पाटावर बसवायचा आणि पाट हाताने वळवत असताना टरेट भिंतीवरील एप्रिलटॅगवर टिकून राहतो का, हे पाहायचे. ४०० अंशांची मर्यादा, बेल्टची रचना, १५ सेंटिमीटरचे मधले भोक आणि टरेटखाली सैल वळशात सोडलेल्या सिलिकॉनच्या तारा, हे नक्की झाले आहे. त्या पाटावर वळताना नेम २ अंशांच्या आत राहिला, तरच आठवी मोटर टरेटला द्यायची. न राहिल्यास चौकट वळवणारा साधा रोबोट घेऊन सरावाला लागायचे.

दुहेरी एन्कोडरचा भाग मात्र मी तूर्त बाजूला ठेवतो. बेल्टच्या कड्यावर वेगळे गिअरचे दात घ्यावे लागतील आणि पहिल्या खेपेस एवढी गुंतागुंत नको. सामन्यापूर्वी टरेट हाताने खुणेवर आणणे आणि टोकाला एक मर्यादा-स्विच, एवढ्यावर काम चालेल असे वाटते.

सातपूरकर

चालेल. फक्त तो स्विच टरेटच्या धडकेवर चालणारा घेऊ नका, चुंबकावर चालणारा घ्या. यांत्रिक अडथळा त्याच्या पुढे पाच अंशांवर वेगळा ठेवा आणि त्याला रबराची पट्टी लावा, म्हणजे प्रोग्रॅम चुकला तरी तारांवर ताण येण्याआधी टरेट थांबेल. ड्रॉइंग तयार झाले की येथेच टाकावे, कड्याचे टॉलरन्स मी पाहून देतो.